अर्धी पात

भाताच्या रोपांची रोवणी आटोपली की आमच्या गावच्या सहकारी संस्थेचं धानाचं गोदाम रिकामं असतं. जुनं धान गिरण्यांकडे गेलेलं असतं आणि नवं यायला दिवाळी उजाडते. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचे, बारदान्याचे गठ्ठे, जमिनीवर भुशाचा पातळ थर, वर पत्र्यावर पावसाचा आवाज. या गोदामात दर श्रावणात एका रविवारी बायकांची क्रिकेटची मॅच होते. तिचा पंच मी असतो.

मॅच माझ्या पत्नीने सुरू केली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. एका पालकसभेत ती सांगत होती की मुलांना रोज थोडं खेळू द्या. तेव्हा मागून एक बाई म्हणाली, "पोरायले तुमी खेळवता बाई, आमाले कोन खेळवते?" सगळ्या हसल्या. पत्नीही हसली, पण ते विसरली नाही. पुढच्या आठवड्यात तिने संस्थेकडून गोदामाची किल्ली मागून आणली.

एक संघ शाळेचा. त्यात दोनतीन शिक्षिका, अंगणवाडीची सेविका, शाळेत मुलांचं जेवण शिजवणाऱ्या ताई. दुसरा संघ रोवणीच्या टोळीचा. टोळीची म्होरकी साठीच्या घरातली, तिला सगळ्या मावशी म्हणतात. मला पंच केलं ते मी कॉलेजात ग्रंथपाल आहे म्हणून. क्रिकेट मी वाचलं होतं, खेळलो कधीच नव्हतो. "पुस्तकातला मानूस हाय, खोटं नाई बोलनार," असं मावशीने ठरवून टाकलं.

नियम मात्र पुस्तकातले नव्हते. चेंडू टाकताना हात कमरेच्या वर न्यायचा नाही. चेंडू पत्र्याला लागला तर आउट, भिंतीला लागला तर दोन धावा, बारदान्याच्या गठ्ठ्यांना लागला तर चार. स्टंपच्या जागी तेलाचे रिकामे पिपे उलटे ठेवायचे. पिपा वाजला की वाद उरत नाही.

रोवणीच्या बायका क्षेत्ररक्षण करतात ते बघण्यासारखं असतं. त्या एका ओळीत उभ्या राहतात, कमरेत वाकून. चेंडू मागे गेला तरी वळून धावत नाहीत. तोंड पुढेच ठेवून झपाझप मागे सरकतात. चिखलात रोप लावताना मागेच सरकायचं असतं, ती सवय. पहिल्या वर्षी अख्खी ओळ तशीच मागे सरकत बारदान्याच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली होती, आणि हसण्यामुळे कोणालाच लवकर उठता येईना. पण जमिनीवरून जाणारा चेंडू त्या ओळीतून सुटत नाही.

मागच्या वर्षीची मॅच अर्धी राहिली. शाळेचा डाव चालू होता. पत्नी आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई खेळत होत्या आणि जिंकायला नऊ धावा हव्या होत्या. पाऊस दाटून आला, लाइट गेली आणि भर दुपारी गोदामात काही दिसेना. त्या अंधारात तिचा आवाज आला, "अहो, मी नाबाद आहे हं. लक्षात ठेवा."

"ठेवतो," मी म्हणालो.

स्कूटरवरून घरी येताना एकाच रेनकोटात आम्ही दोघे होतो. तिने मागून विचारलं, "लाइट असती तर जिंकलो असतो का हो?"

"पंच असं सांगत नसतात."

"आता कुठे पंच? आता तर घरी चाललोय."

तरी मी सांगितलं नाही. तिने माझ्या पाठीवर एक चापट मारली.

थंडीत ती गेली. आजार मोठा होता आणि वेळ थोडा मिळाला. त्यानंतर घरात मी काहीच हलवलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयातून तिच्यासाठी आणलेली एक जाड कादंबरी तिच्या उशाशी तशीच आहे, मध्ये दूधवाल्याच्या कॅलेंडरचा फाडलेला तुकडा खुणेला घातलेला. वेळेवर पुस्तक परत केलं नाही म्हणून मी मुलांना बोलतो. हे पुस्तक मात्र मला परत करवत नव्हतं.

यंदा रोवणी संपल्यावर अंगणवाडीची सेविका घरी आली. पत्नीनंतर शाळेच्या संघाची कप्तान तीच.

"सर, रविवारी गोदाम मिळून राहिलं. तुम्ही येता ना?"

"नवी मॅच लावा तुम्ही. पंच दुसरा बघा."

"नवी नाही ना सर, मागचीच आहे. ती संपल्याशिवाय नवी कशी लावायची? मावशी ऐकत नाही."

मी हो म्हणालो, आणि रविवारपर्यंत एकच गोष्ट मनात घोळत राहिली. मॅच पुढे सुरू करायची तर तिच्या जागी कोणाला तरी बोलवावं लागेल, आणि ते पंचाला करावं लागेल.

गोदामात शिरलो तेव्हा भिंतीवर मागच्या वर्षीची खडूची अक्षरं होती. वर्षभर पोती घासून अर्धी पुसली होती, तरी वाचता येत होती. तिच्या नावापुढे आकडा होता, आउटची फुली नव्हती. ताई आपल्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. ओळ लागली. दुसऱ्या टोकाला पिपा होता, त्याला बॅट टेकवून ठेवली होती, आणि तिथे कोणी नव्हतं.

सेविका हळूच म्हणाली, "सर, कसं करायचं?"

पुस्तकात यासाठी शब्द आहे. निवृत्त, नाबाद. शब्द मला पाठ होता. पण हात करून पुढच्या बाईला बोलवायचं म्हणजे ती जागा सुटली असं सगळ्यांसमोर म्हणायचं होतं. माझा हात वर येईना. पत्र्यावर पाऊस पडत होता आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"काऊन वो भाऊजी, मुके झाले का?" मावशी ओळीतून पुढे आली. मग तिचा आवाज जरा खाली आला. "आमच्यात कसं रायते, सांगू? रोवणीत एखादीले ताप आला, तिच्या वाट्याची ओळ, तिची पात, अर्धी रायली, तर दुसरी बाई नाई लागत त्या पातीले. तिच्या घरचं मानूस येते अन् पुरी करते. नवरा येवो, सासू येवो. तवा वावरातली बांधी भरते."

"म्हणजे मी काय करू?"

"काय करू म्हंजे? धरा बॅट!"

ओळीत हसू फुटलं. मी म्हणालो, "अहो, मी कधी खेळलो नाही. आणि मग पंच कोण?"

"पंच बी तुमीच. तुमी सोताले बी सोडनार नाई, माहीत हाय आमाले."

सेविका म्हणाली, "सर, चपला काढा, भुशावरून घसराल."

मी चपला काढल्या. बॅटच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. ती पत्नीनेच गुंडाळली होती, आमच्या ओट्यावर बसून, दातात एक टोक धरून. पट्टी तिच्या मुठीपुरतीच होती. माझी अर्धी बोटं लाकडावर आली.

मावशीने चेंडू टाकला. तो बॅटच्या खालून निघून गेला.

"भाऊजी, बॅटीनं रोप लावून राहिले का?"

दुसरा नडगीला लागला. "पाय नाई, बॅट, बॅट!" हे ताई ओरडल्या, माझ्याच बाजूच्या. तिसरा कसा कोण जाणे बॅटच्या मध्यावर आला आणि भिंतीला जाऊन लागला. दोन धावा. दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळहाताला झिणझिण्या आल्या होत्या. हे असं लागतं, हे मी कधी वाचलं नव्हतं.

चौथा चेंडू ओळीकडे घरंगळला. ताई ओरडल्या, "पळा सर!" मी पळालो. मध्यावर पोचलो आणि थांबलो. ताई वेळेत पोचतात की नाही ते बघायला मी मागे वळून उभा राहिलो. इतकी वर्षं पंच म्हणून मी तेच करत आलो होतो. ताई आरामात पोचल्या. तेवढ्यात मी जिकडे चाललो होतो तिकडचा पिपा धाडकन वाजला.

सगळ्यांनी पंचाकडे पाहिलं आणि पंच मध्येच बॅट घेऊन उभा होता. मी बॅट डाव्या हातात घेतली आणि उजवं बोट वर केलं.

मग जो गलका झाला, तो बाहेर रस्त्यापर्यंत गेला असणार. मावशी खालीच बसली. "म्या सांगतलं होतं नं! सोताले बी नाई सोडलं!"

मीही हसत होतो. खूप दिवसांनी.

सेविका खडू घेऊन भिंतीपाशी गेली होती. तिचा हात पत्नीच्या नावापाशी थांबला. "सर, इथे काय करू?"

मी उत्तर द्यायच्या आत मावशी बसल्या जागेवरून ओरडली, "तिथं कायले हात लावतं वो? आउट भाऊजी झाले. बाईले कोनी केलं आउट?"

सेविकेने माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे," मी म्हणालो. "बाई नाबाद." तिने खाली एक नवी ओळ लिहिली, माझी, दोन धावांची, आणि त्या ओळीपुढे फुली मारली.

मग मी बॅट पुढे केली आणि हात करून पुढच्या बाईला बोलावलं.

शाळा हरली. ताईंचा उंच फटका पत्र्याला लागून शेवटची विकेट पडली तेव्हा अजून तीन धावा हव्या होत्या. चहा झाला, गोदामाला कुलूप लागलं, नवी मॅच पुढच्या रविवारी ठरली.

घरी आलो तेव्हा संध्याकाळचा उजेड होता. तिच्या उशाशी असलेली कादंबरी मी उचलली आणि खिडकीपाशी बसून तिच्या खुणेपासून वाचायला लागलो. सुरुवात मी वाचलेली नव्हती. कोण कोणाचा कोण, काही कळत नव्हतं. तरी तसाच पुढे वाचत गेलो.