चाचांचा जैद

साऱ्या खानदेशात आमच्या भिंतीपलीकडच्या चाचांइतका विचारपूर्वक हुक्का कोणी ओढला नसेल. इतर लोक तल्लफ आली की ओढतात. चाचा आधी धर्माचा निकाल मागत आणि निकाल येईपर्यंत ओढत बसत. नशिराबादच्या मशिदीत बांग देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आवाज असा भरदार की शिवारातल्या हिंदू बायकासुद्धा तो ऐकून दुपारच्या भाकरीचं गाठोडं सोडत. मग गावात नवे इमामसाहेब आले. कच्चा कांदा-लसूण खाऊनही मशिदीत येऊ नये, तिथे या धुराचं काय, असं म्हणून त्यांनी हुक्का सुटेपर्यंत बांग स्वतः द्यायचं ठरवलं. चाचा मुकाट घरी आले आणि दुःख अनावर होऊन त्यांनी हुक्का भरला.

मला प्रत्येक गोष्ट ओळीनं लावायची सवय. आधी सकाळची चिलीम सोडा, मग दुपारची, शेवटी संध्याकाळची, असा बेत मी त्यांना करून दिला. त्यांनी तो मनापासून मान्य केला आणि सकाळची चिलीम दुपारच्या चिलमीला जोडून ओढू लागले. रमजानात मात्र दिवसभर हुक्क्याला हात लावत नसत. धुरानं रोजा तुटतो यावर मौलवींचं दुमत नव्हतं, आणि दुमत नसलं की सोडणं सोपं जातं, असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या महिन्यांत दुमत भरपूर होतं आणि चाचा ते गोळा करत हिंडत. बोदवडच्या मौलवींनी हराम सांगितलं की हुक्का माळ्यावर जाई. भुसावळच्यांनी मकरूह, म्हणजे नापसंत पण हरामाइतकं वाईट नव्हे, असं सांगितलं की खाली येई. पाण्यातून धुऊन निघालेल्या धुराला काही सवलत असेल का, असंही त्यांनी मला एकदा विचारलं. मी हात जोडले.

खरी अडचण निराळीच होती. मौलवींना विचारायच्या अशा प्रश्नात माणूस स्वतःचं नाव घालत नाही. जैद नावाचा कोणी अमुक करतो, त्याला काय हुकूम, असं विचारायची रीत आहे. हुक्क्यावरून चाची रागावल्या तरी चाचा शांतपणे म्हणत, "हाई काम जैदनं शे, मनं नही." त्यांचा हा जैद हुक्का ओढायचा, नमाज पढायचा, शेजाऱ्यांशी गोड बोलायचा, फक्त बांग कधी देत नसे. मौलवी साहजिकच घरी बसून ओढणाऱ्या माणसाचा निकाल देत आणि तो चाचांच्या काही कामाचा नसे. हे मी चाचांना दाखवून दिलं.

"जैद बांग देस असं सांगं, आन मौलवी नही म्हनात," ते म्हणाले, "तर मंग कोनले इचारू, भाऊ?"

अशीच वर्षं गेली. शेवटी मीच तिकिटं काढली आणि चाळीसगावला गाडी बदलून त्यांना धुळ्याच्या एका वृद्ध मौलवींकडे नेलं. चाचांनी जैदपासून सुरुवात केली, अडखळले, आणि खाली बघत म्हणाले, "हजरत, जैद मैं ही हूँ. मैं अजान देता था."

मौलवींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. सोडाल तर उत्तमच. पण दातवण करा, चुळा भरा, तोंडाला वास राहू देऊ नका आणि खुशाल बांग द्या, असं त्यांनी सांगितलं. परतीच्या गाडीत चाचांनी हुक्क्याचं नावसुद्धा काढलं नाही.

इमामसाहेबांनी निकाल ऐकून लगेच जागा मोकळी करून दिली. चाचा स्वच्छ कपड्यांत मशिदीच्या ओट्यावर उभे राहिले, कानांशी हात नेले. पहिले शब्द नीट निघाले. पुढे श्वास लांबवायचा होता, तिथे खोकला आला. थांबून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडलं. धर्मानं दिलेली परवानगी आता छाती देत नव्हती. इमामसाहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि उरलेली बांग हलक्या आवाजात पुरी केली.

त्या दिवसापासून चाचांनी हुक्का सोडला, कोणालाही न विचारता. बांगेच्या वेळी ते ओट्याखाली उभे राहत आणि कुठे आवाज चढवायचा, कुठे धरून ठेवायचा ते इमामसाहेबांना हातानं दाखवत. इमामसाहेब त्या हाताकडे बघत मनापासून प्रयत्न करत. आवाज बारीकच निघे, आणि चाचांचा हात मात्र बराच वेळ वरच राही.