वेशीबाहेर ठेवलेलं प्रस्थान

सगळं सामान बांधून व्हावं आणि गाडीच येऊ नये, असं कुणाच्या नशिबी येऊ नये. माझ्या आलं. निजामाचा अंमल होता, ज्वारीच्या सुगीचे दिवस होते, आणि मी तीन लेकरं घेऊन बोचक्यांनी भरलेल्या घरात एकटी बसले होते. आमचं गाव येरमाळ्याच्या पुढं, सरहद्दीच्या अलीकडं. माझे यजमान सरहद्दीपलीकडं, बार्शीला एका आडतीच्या दुकानात कामाला होते. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. सणावाराला घरी यायचे, लेकरांना खांद्यावर घेऊन गावभर हिंडायचे आणि परत जायचे. त्या वर्षी संक्रांतीला आलेच नाहीत. मग एका व्यापाऱ्याबरोबर तोंडी निरोप आला, की मुदतीचा ताप आहे, उतरत नाही, लेकरांना घेऊन या, उशीर करू नका. निरोप सांगणाऱ्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, त्यावरूनच मी काय ते समजले.

सासू-सासरे केव्हाच गेलेले. भाऊबंद होते, पण त्या दिवसांत ज्याची-त्याची गाडी आणि ज्याचे-त्याचे बैल खळ्यावर. शिवाय सरहद्दीवर नाका, तिथली झडती, आणि मुलखात काय-काय चाललंय याच्या रोज नव्या वावड्या. बाई माणसाला आणि तीन लेकरांना घेऊन एवढ्या लांब कोण जाणार? आमच्या वाटेला मोटार येत नव्हती. शेवटी तुका नावाच्या गाडीवानानं कबूल केलं, शुक्रवारी सकाळी गाडी जुंपतो म्हणाला. मी तेवढ्यावरच कंबर कसली.

लेकरं घेऊन गाडीवाटेनं निघायचं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. थोरली गोदा सहा-सात वर्षांची, मधला दत्तू चारेक वर्षांचा, आणि तान्ही अजून पालथी पडत होती. तिची झबली, दुपटी, घुटीची सहाण, वेखंड, मुरुडशेंग. वाटेत उन्हाला वाकळ, रात्रीच्या गारठ्याला दुसरी वाकळ. पाण्याला फिरकीचा तांब्या. नाक्यावर धान्य पलीकडं नेऊ देत नसत, म्हणून पीठ-तांदूळ काही घ्यायचं नाही, जे न्यायचं ते रांधलेलंच. मग दुधात पीठ भिजवून दशम्या केल्या, त्या टिकतात. शेंगांची चटणी केली. मी एक बोचकं बांधावं आणि दत्तूनं त्यात आपला मातीचा बैल कोंबावा. काढला की रडणं. शेवटी म्हटलं, ने बाबा, तोही येऊ दे बार्शीला. सगळ्यात जड गेलं ते वळकटी बांधणं. वळकटीला दोन माणसं लागतात, एकानं गुडघा रोवायचा आणि दुसऱ्यानं दोरी आवळायची. एरवी ते करायचे. मी गोदाला वळकटीवर बसवलं आणि दोरी ओढली, तर पोरगी दोरीसकट खाली घसरली आणि हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू कधी फुटलं ते कळलं नाही. गोदा म्हणाली, आई, मी आता नीट बसते.

जोशीबुवांना विचारलं तर म्हणाले, शुक्रवार निघायला चांगला नाही, पुढं अमावास्या आहे, पण गुरुवारी मुहूर्त आहे, तेव्हा प्रस्थान ठेवा. ही आमच्याकडची जुनी रीत. मुहूर्तावर निघता येत नसेल तर एका फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधायचं, आणि जायच्या दिशेला परक्याच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस निघाला असंच धरतात. मग सवडीनं जाताना ते गाठोडं उचलून पुढं व्हायचं. पण एकदा ठेवलेलं प्रस्थान माघारी घरात आणायचं नसतं. आणलं तर प्रवास मोडला, आणि ज्याच्यासाठी निघालो त्याच्यावर बेततं, असं सगळे मानायचे. म्हणूनच शहाणी माणसं गाडी दारात उभी असल्याशिवाय ते ठेवत नाहीत. मी एका गाडीवानाच्या शब्दावर ठेवलं. बांधायला धड फडकंही उरलं नव्हतं, सगळी फडकी सामानात गेलेली. मग तान्हीची लाल कुंची घेतली, तिच्या टोपड्यात तांदूळ-सुपारी घातली, हळदीकुंकू लावलं, आणि वेशीबाहेर बार्शीच्या वाटेला मारुती आहे त्याच्या पायाशी नेऊन ठेवलं. येताना मागं वळून बघायचं नसतं, मी बघितलं नाही.

शुक्रवारी तुका आला नाही. दुपारी त्याच्या घराकडनं कळलं, बैल लंगडतोय. दुसरा बैल सुगीत कोण देणार? मी लेकराला कडेवर मारून दारोदार हिंडले. कुणी वाईट बोललं नाही, खोटं कशाला सांगू. पण सगळ्यांचं एकच, खळं उरकू द्या मग बघू. ताप खळं उरकायची वाट बघतो होय? शनिवार गेला, रविवार गेला. वाटेसाठी केलेल्या दशम्या आम्ही घरातच बसून खाल्ल्या. चूल पेटवायलाही जीव धजेना, कारण भांडी बांधलेली, आणि सोडली तर आपणच प्रवास सोडला असं होईल. दत्तू रोज सकाळी उठून वळकटीवर जाऊन बसायचा आणि हाऽ हाऽ करून बैल हाकायचा. त्याच्या मते आम्ही निम्म्या वाटेत होतो. माझं मात्र घर सुटलं होतं आणि वाट लागली नव्हती. तिकडं ते एकटे पडलेले आणि इकडं मी एकटी, मध्ये एक साधी गाडीवाट, आणि ती मला ओलांडता येत नव्हती. त्या दिवसांत एखादी बाई नुसती येऊन शेजारी बसली असती तरी मी तिचे पाय धरले असते.

येडाई आमची कुलदेवता. लग्न झाल्यापासून तिच्या डोंगरावर कितीदा गेले असेन. सोमवारी सकाळी मी तिच्याशी भांडले. देवघरातला टाकही बोचक्यात बांधलेला, म्हणून नुसत्या रिकाम्या कोनाड्यासमोर उभी राहून भांडले. म्हटलं, तुझ्या पायऱ्या चढताना माझे पाय दुखले ते कधी सांगितलं नाही, तान्ही पोटात असताना चढले तेही सांगितलं नाही. आज सांगते. माझा माणूस वाचव. आणि वाचवायचा नसेल तर तोंडावर सांग, मला अशी सामान बांधून बसवू नको. असलं काही बोलू नये म्हणतात. पण मला तेव्हा दुसरं बोलायला होतं तरी कोण? बोलून झालं आणि अंगातलं सगळं बळच गेलं. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि मनात म्हटलं, आता मी काही करत नाही बाई, तुला काय करायचं ते कर. ती काही भक्ती नव्हती, तो नुसता थकवा होता.

ऊन चढायच्या सुमारास दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची असेल. कपाळभर कुंकू, पदरात देवीच्या डोंगरावरचा प्रसाद. मागं गल्लीच्या तोंडाशी गाडी आणि बैलांना धरून उभा असलेला तिचा नवरा. दोघंही मी कधी पाहिलेली नव्हती. तिनं आधी आत बोचक्यांकडं बघितलं, मग तान्हीच्या उघड्या डोक्याकडं.

"मारुतीपशी कुंचीत बांधल्यालं पस्तान तुझंच का गं बाई?" तिनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "कुकू पार वाळून गेलंय. कुठं जायचं हाय तुला?"

बार्शी म्हटल्यावर तिनं नवऱ्याला हाक मारली आणि माझ्या होकाराची वाट न बघता वळकटी उचलली. नंतर वाटेत कळलं ते असं. ती दोघं बार्शीकडच्या एका खेड्यातली, येडाईची ओटी भरून परत निघालेली. बैलांना पाणी दाखवायला मारुतीपाशी थांबली, तिथं तिला ते गाठोडं दिसलं. कुंची बघून तिला वाटलं, हे लेकुरवाळीचं आहे आणि अडलेलं आहे. नवरा म्हणाला, असेल कुणाचं, आपल्याला काय करायचं? तर ही गाडीतून उतरून चालत गावात आली आणि वेशीपासून एकेका दारात विचारत सुटली, आणि नवरा गाडी घेऊन तिच्या मागनं आला.

वेशीबाहेर आल्यावर मी उतरून मारुतीला हात जोडले आणि माझं प्रस्थान उचललं. तिला मी आक्का म्हणू लागले. तान्हीला तिनं मांडीवर घेतलं ते बार्शी येईपर्यंत सोडलं नाही. नाक्यावर झडती झाली. शिपायानं एकेक बोचकं सोडलं आणि त्या कुंचीत त्याला मूठभर तांदूळ सापडले. तांदूळ म्हणजे धान्यच की! आक्कानं त्याला समजावलं, की हे खायचं नाही, हे निघाल्याची खूण आहे, हिचा धनी तिकडं आजारी आहे. तो मुसलमान गडी, आमच्या वडिलांच्या वयाचा. त्यानं लेकरांकडं बघितलं आणि ती कुंची होती तशी आपल्या हातानं बांधून माझ्याकडं दिली. खुदा खैर करे, एवढंच म्हणाला.

नाका ओलांडल्यावर मी आक्काला विचारलं, की अहो, तुमच्या वाटेत नसताना तुम्ही गावात का शिरलात? ती तान्हीला थोपटत राहिली. मग म्हणाली, "माजी माय आजारी हुती तवा म्या बी असंच पस्तान ठिवलं हुतं. कुणी इचारायला आलं न्हाय बघ."

मंगळवारी सकाळी आम्ही दुकानामागच्या खोलीत पोचलो. यजमान ओळखू येत नव्हते इतके वाळले होते. तिथं दुकानातले एक म्हातारे दिवाणजी त्यांचं पाणी-औषध बघायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गुरुवारपासून हे तापात एकच धरून बसलेत, निघालीत, माझी माणसं निघालीत, वाटंत हायत. दिवाणजींना वाटलं, मी तसा निरोप पाठवला असेल. मी कुठला निरोप पाठवते? गुरुवारी मी फक्त मारुतीपाशी प्रस्थान ठेवलं होतं. तापातलं बरळणं असेलही. बायको-लेकरांची वाट बघणारा माणूस आणखी काय बोलणार, असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही. मला जे सांगितलं गेलं ते मी सांगितलं.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा शुद्धीत होते. "किती उशीर गं वाटंत," म्हणाले. रागावून नाही, आपलं सहज, सणाला ते यायचे तेव्हा मी म्हणायची तसं. दत्तूनं मातीचा बैल त्यांच्या उशाशी ठेवला. तान्हीला मी त्यांच्या छातीवर टेकवलं. पुढचे काही दिवस त्यांनी माझ्या हातची पेज घेतली, गोदाकडनं पाय चेपून घेतले, माझ्याशी घरच्या चार गोष्टी बोलले. मग एका सकाळी, आम्ही सगळे जवळ असताना, ते गेले.

मी देवीकडं त्यांचा जीव मागितला होता. तो तिनं दिला नाही. कित्येक दिवस मी तिच्यावर रुसून होते, देवघरापुढं दिवा लावायची तो गोदाच्या हातानं. तिनं काय दिलं ते मला हळूहळू उमगलं. तो माणूस परक्या गावात, परक्या खोलीत एकटा जायचा होता, आणि तो एकटा गेला नाही. मी उरलेला जन्म एकटी काढला, ते मला झेपलं. पण ते एकटे गेले असते तर ते मला जन्मभर झेपलं नसतं. आपण काय मागावं हेच आपल्याला कळत नाही, मग मागून काय करायचं?

वर्ष सरल्यावर आक्का गाडी घेऊन आमच्या गावाला आली, येडाईला जायचं म्हणून. मला न्यायला आली होती. मी म्हटलं, मी येऊन काय करू, मला आता ओटी भरता येत नाही. ती म्हणाली, मी भरते की तुझ्या नावानं. आम्ही लेकरांना घेऊन पायऱ्या चढलो. आक्कानं खण-नारळ देवीच्या पदरात घातला आणि मी तिच्या मागं, खांबापाशी उभी राहिले. हात जोडले. सवयीनं मागायला गेले आणि लक्षात आलं, की मला आता काही मागायचंच नाही. लेकरांची नावंसुद्धा मी तिला सांगितली नाहीत. तिला माहीत होती. नुसती तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले, आक्कानं खांद्याला हात लावून चल म्हणेपर्यंत.