बर्फाची वही

आमच्या घरात मराठी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गावी बंदराविरुद्ध आंदोलन चालू होतं तेव्हा काकांनी छापलेली. बाबा दर सुट्टीवरून परतताना ती बॅगेच्या तळाशी घालून बहारीनला आणत. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी वाचायला मी त्याच कागदांवर शिकले. ‘जाहीर निषेध’ हे मला लिहिता आलेले पहिले दोन मराठी शब्द. खरं असेल ते लिहून लोकांच्या हातात दिलं की आपलं काम झालं, असं मला लहानपणापासून वाटत आलं.

आईस हॉकी क्लबच्या कमिटीने पुस्तिकेसाठी क्लबचा इतिहास आणि हंगामाचा अहवाल लिहायला सांगितला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. माझे बाबा त्याच क्लबच्या रिंकवर बर्फ राखतात. मशीनने बर्फ तासायचा, वर पाणी सोडायचं, ते घट्ट गोठेपर्यंत थांबायचं आणि मग खेळाडूंसाठी फाटक उघडायचं. बाहेर पार्किंगमध्ये गाडीच्या दाराला हात लावता येत नाही आणि आत बाबा कानटोपी घालून उभे. “आपल्याकडं बर्फ मासळीच्या पेटीत,” ते म्हणतात, “हितं त्याच्यावर माणसं धावतात.”

इतिहास लिहायला सोपा होता. थंड देशांतून नोकरीला आलेल्या काही जणांना घरच्या खेळाची आठवण आली, त्यांनी क्लब काढला. गोलच्या पहिल्या जाळ्या बाबांनी मुहर्रक बेटावरच्या कोळ्यांकडून जाळं आणून विणल्या. पुढे बहारीनी मुलं आली आणि शिकवणाऱ्यांपेक्षा चपळ निघाली. दर दोन-तीन वर्षांनी कुणाकुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, निरोपाचा केक कापला जातो, अर्धा संघ नवा होतो. बाबा मात्र तेच.

अडलं ते हंगामाशी. सुरुवातीचे सामने आम्ही जिंकलो. मग बर्फ गोठवणारा चिलर दमला, बर्फ मऊ पडू लागला. आमचा संघ वेगावर खेळणारा. वेग गेला तशी हार सुरू झाली. शेवटच्या सामन्यात कप्तानाचा स्केट बर्फात रुतला. अंग वळलं, पाय वळला नाही. जनाबियाच्या एका शाळेत खेळ शिकवणारा हा माणूस आता काठी घेऊन चालतो. रिंकच्या मॅनेजरने कमिटीला कळवलं की बर्फाची देखभाल नीट झाली नव्हती. म्हणजे बाबांनी केली नव्हती. चौकशी होईपर्यंत बाबांचा व्हिसा रिन्यू होणार नव्हता.

मी बाबांची रोजची वही मागून घेतली. तीन आठवडे दर पानावर तेच, मराठीत: ‘बर्फ मऊ. चिलर ओढत नाही. साहेबांना सांगितलं.’ प्रत्येक पानाखाली मॅनेजरची सही. त्यांना त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

मी पेटून अहवाल लिहिला आणि घरी बाबांना वाचून दाखवला.

“असा नको देऊ, बाय.”

“घाबरलात?”

“घाबरलोय तर! पण त्यापायी नाय. सामन्याच्या दिवशीचं पान वाच.”

वाचलं. ‘बर्फ मऊ. साहेबांना सांगितलं.’

“आणि मग फाटक कुणी उघडलं?”

मी पान उलटून पाहिलं. फाटकाचा उल्लेख कुठेच नव्हता.

“लिवलं म्हणजे झालं, असं मलापण वाटलं. चावी माझ्याच खिशात होती.”

ते वाक्य घालायला माझा हात धजेना. त्यांनी समोर बसून घालायला लावलं: फाटक बर्फ राखणाऱ्याने उघडलं. अहवाल तसाच गेला, सोबत वहीचं इंग्रजी भाषांतर. पुस्तिकेत त्यातलं काहीच आलं नाही. हंगाम ‘आव्हानात्मक’ ठरला. पण चिलरचा पंप बदलला आणि बाबांचा व्हिसा झाला.

नव्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी सकाळी तो पंप बंद पडला. दुपारी सुरू झाला, पण बर्फ अजून घट्ट झाला नव्हता. पाहुणा संघ समुद्रावरचा पूल ओलांडून आला होता, सगळे हेल्मेट घालून रांगेत.

“यल्ला, गेट खोलो!” मॅनेजर ओरडले.

“मफी, नहीं. बर्फ तैयार नहीं.”

“किसने बोला?”

“मैं बोल रहा हूँ, साहब.”

बाबांनी चावी खिशात घातली आणि फाटकाला पाठ लावून उभे राहिले. प्रेक्षकांतून कप्तान काठी टेकत एकेक पायरी उतरला, वाकून त्याने तळहात बर्फावर ठेवला. ओला झालेला हात त्याने सगळ्यांना दाखवला.

सामना झाला नाही. नियमाप्रमाणे तो आम्ही हरलो, आणि नोंदीत तसंच राहील. बाबांच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर मात्र ‘साहेबांना सांगितलं’ नव्हतं. ‘बर्फ मऊ’च्या पुढे लिहिलं होतं: ‘फाटक उघडलं नाही.’