आजींच्या पावातली कडी

२००२ साली आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो. आमच्या शेजारच्या अपार्टमेंटमध्ये एक आयरिश बाई एकट्याच राहायच्या. वय पंच्याहत्तरच्या आसपास. विशीत असताना त्या आयर्लंडच्या एका खेड्यातून डेट्रॉइटला आल्या होत्या. त्यांचा नवरा गाड्यांच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही नवरा-बायको आपापसांत त्यांना आजी म्हणायचो आणि चार वर्षांची आमची मुलगी त्यांच्या तोंडावरही आजीच म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

ओळख झाली ती ताकामुळे. मी घरी विरजण लावून लोणी काढायचे. एकदा उरलेलं ताक त्यांना दिलं. त्यांनी उभ्या उभ्या घोट घेतला आणि म्हणाल्या, "पन्नास वर्षांत असं ताक प्यायले नाही." दुसऱ्या दिवशी त्याच ताकात भिजवलेला सोडा ब्रेड घेऊन त्या दारात हजर. यीस्ट नाही, काही नाही, नुसती कणीक, मीठ, सोडा आणि ताक. वर सुरीनं फुली मारलेली. तेव्हापासून दर आठवड्याला माझं ताक तिकडे आणि त्यांचा ब्रेड इकडे.

हॅलोविनच्या आदल्या रविवारी त्यांनी आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. आम्ही शाकाहारी, म्हणून त्यांनी मुद्दाम कोलकॅनन केलं होतं. उकडलेले बटाटे घोटून त्यात कोबी आणि पातीचा कांदा, मधोमध खड्डा करून लोण्याचा गोळा. गरम बटाट्यात लोणी वितळून पिवळं तळं झालं होतं. मुलीनं दोनदा मागून खाल्लं. शेवटी आला बार्मब्रॅक, चहात रात्रभर भिजवलेल्या बेदाण्यांचा गोडसर, काळपट पाव. तो कापताना आजी बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. त्यांचे उच्चार मला नेहमीच जड जायचे. त्यात त्या भरभर बोलायच्या. परत विचारायची लाज वाटून मी हसून मान डोलावली.

माझ्या नवऱ्याच्या तुकड्यातून कागदाची एक पुडी निघाली. त्यानं ती उलगडली. आत कापडाची चिंधी.

"हे काय?" मी विचारलं.

आजी हसत हसत सांगू लागल्या. हॅलोविनला ह्या पावात चार वस्तू लपवतात. ज्याला नाणं मिळेल तो श्रीमंत होणार, ज्याला अंगठी मिळेल त्याचं लग्न, काडी मिळाली तर भांडणं आणि चिंधी मिळाली तर गरिबी. नवराही हसला, पण हातातली चिंधी त्यानं खाली ठेवली नाही. त्या महिन्यात त्याच्या ऑफिसात ले-ऑफ चालू होते. शुक्रवारीच त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला खोकं भरून घरी पाठवलं होतं. नोकरी गेली तर व्हिसा गेला. मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, आता ह्याला हे कशाला निघायला हवं होतं?

तेवढ्यात मुलगी खोकली. दोनदा, मग घशातून चमत्कारिक आवाज आला. वळून पाहिलं तर तिच्या बशीत कागदाचा चुरगळलेला तुकडा, रिकामा.

"काय खाल्लंस? कागदात काय होतं?"

"कँडी," ती म्हणाली आणि रडायला लागली. "इट हर्ट्स."

तिनं बाबांना पुडी सोडताना पाहिलं होतं. हॅलोविनच्या निमित्तानं शाळेत सगळा आठवडा कागदात गुंडाळलेल्या गोळ्या वाटत होते. तिनं आपली पुडी सोडली आणि आतलं तोंडात टाकलं.

आजींनी भराभर उरलेला पाव हातांनी कुस्करला. काडी सापडली, नाणं सापडलं. अंगठी नव्हती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अंगठी म्हणजे पडद्याची छोटी पितळी कडी होती. तिच्या जोडीची दुसरी कडी त्यांनी ड्रॉवरमधून काढली, कोट चढवला आणि न विचारता आमच्या गाडीत येऊन बसल्या.

मी मुलीला घेऊन मागे बसले होते. तिला श्वास घेता येत होता, पण थुंकी गिळता येत नव्हती. लाळ माझ्या बाहीवर गळत होती. प्रत्येक सिग्नलला मी तिच्या छातीवर हात ठेवून बघायचे, हलतेय ना. नवऱ्याला म्हणाले, "अरे, चालव ना!" तो म्हणाला, "रेड आहे गं, रेड आहे," आणि त्याचा आवाज फाटला.

इमर्जन्सीत एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर मानेच्या खाली, फासळ्यांच्या वर, एक पांढरं वर्तुळ. इतकं स्वच्छ, गोल. डॉक्टरांनी आजींच्या हातातली कडी घेऊन फिल्मशेजारी धरली आणि मान हलवली. अन्ननलिकेत अडकली होती. भूल देऊन दुर्बिणीनं काढावी लागणार होती, पण मुलगी नुकतीच पोटभर जेवली होती, म्हणून थोडं थांबायचं होतं.

त्या थांबण्यात एक नर्स फॉर्म घेऊन आली. मूल कोणाजवळ होतं, वस्तू हाताला कशी लागली, घरी आणखी कोण असतं, असं सगळं विचारू लागली. एका पॉटलक जेवणात, जिथे प्रत्येकजण एकेक पदार्थ करून आणतो, एका काकूंनी सांगितलं होतं की इथे हलगर्जीपणा दिसला तर सरकार मूल काढून घेतं. खरं-खोटं देव जाणे, पण मला तेच आठवत राहिलं. सही माझी मलाच ओळखू येईना.

आजी नर्सला म्हणाल्या, "चूक माझी आहे. पाव मी केला. माझं नाव लिहा."

नर्स शांतपणे म्हणाली, "हे सगळ्यांनाच विचारतो आम्ही," आणि निघून गेली.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही पाव कापताना सांगितलंत, ते मला कळलंच नव्हतं. मी उगाच हो म्हटलं."

"मला वाटलंच होतं," आजी म्हणाल्या. "तू नेहमी तशीच हसतेस. मी पुन्हा सांगायला हवं होतं. घाई झाली मला." मग त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. नवरा भिंतीशी उभा होता, तो शेवटपर्यंत बसला नाही.

मुलीला आत नेताना तिनं माझी ओढणी धरून ठेवली होती. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. दार बंद झाल्यावर मला कसलीही प्रार्थना आठवेना. लहानपणापासून पाठ असलेलं रामरक्षेचं पहिलं चरणसुद्धा आठवेना.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. कडी निघाली होती. घशाला थोडं खरचटलं होतं, बाकी काही नाही. संध्याकाळी मुलगी शुद्धीवर आली, तेव्हा सगळ्यात आधी तिनं आइस्क्रीम मागितलं. आजी भिंतीकडे तोंड करून रडल्या.

नवऱ्याची नोकरी टिकली. त्याच्या ग्रुपमधले बरेच जण गेले, तो राहिला. पण माझी भीतीही टिकून राहिली. मी एकेका द्राक्षाचे चार तुकडे करायला लागले, पोळीचा घासही बोटांनी चाचपून मग तिच्या तोंडात द्यायचे. आजींकडे जायचं टाळू लागले. ताक सिंकमध्ये ओतून द्यायचे आणि वाईट वाटायचं. भिंतीपलीकडून त्यांच्या ओव्हनचं दार वाजायचं ते ऐकू यायचं.

दोन-तीन आठवड्यांनी आजीच आमच्या दारात आल्या. हातात ताटली, तिच्यावर किसलेल्या बटाट्याचे पातळ धिरड्यासारखे बॉक्स्टी. "ह्यात काही लपवता येत नाही," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्यांनी एक उजेडासमोर धरून मला दाखवलं, मग अर्धं मोडून स्वतः खाल्लं. मी त्यांना आत घेतलं. मुलीनं साखर लावून तीन खाल्ले, पाय हलवत, गाणं म्हणत. आम्ही दोघी समोर बसलो होतो. दर घासाला तिच्या गळ्याकडे बघत होतो, खाली गेला का.