गोळी झाडणाऱ्याचा हात

वसईला आमच्या शेजारी राहणाऱ्या सिसिलीमावशींच्या कपाटावर एक जुना फोटो चिकटवलेला आहे. तुरुंगाच्या कोठडीत पोप एका तरुणाजवळ खुर्ची ओढून बसलेत आणि त्याचा हात त्यांनी हातात घेतलाय. याच तरुणाने त्यांच्यावर गोळी झाडली होती. ते पोप जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मावशींचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी टेम्पोच्या धडकेत गेला. परवाच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल माझ्याबरोबर. त्या ड्रायव्हरला सांगून येते, तुला माफ केलं म्हणून."

आम्ही गेलो. ड्रायव्हर दारात आला आणि मावशींना ओळखून मटकन खालीच बसला, रडायला लागला. मावशींनी हात पुढे केला. त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. शेवटी त्यांनी हात मागे घेऊन पदरात गुंडाळला, आणि आम्ही परत फिरलो.

वाटेत त्या म्हणाल्या, "त्यांना कसं गं जमलं असेल?"

मला काय ठाऊक! कुणी दूरदेशीचा माणूस एकदा काही मोठं करून जातो आणि ते इथे एका आईला उठता-बसता छळत राहतं. 'ते पोप होते मावशी, तुम्ही आई आहात,' हे ओठांवर आलं होतं.

घराशी आल्यावर मावशी पायरीवरच थांबल्या.

"पुढच्या रविवारी पुन्हा येशील?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?