हिरव्या पेन्सिलीची खूण

खळीचा वास आंबूस असतो आणि तो थेट जिभेच्या मुळाशी जाऊन बसतो. पेजेत बुडवून उन्हात ताणलेल्या सुताचा तो वास आणि त्यामागून येणारा हातमागाचा खट्-खटाक्, खट्-खटाक् असा ठेका आठवला, की कामठीचे आमच्या मोठ्या बाबांचे, म्हणजे थोरल्या काकांचे, घर माझ्यासमोर उभे राहते. त्या घराच्या दारात माझी चुलत बहीण उभी असते आणि तिला पाहून माझ्या मनात आधी मत्सर येतो, मग माया. ऐकीव गोष्टीला मान डोलावणारी माणसे या जगात कोट्यवधी असतील. डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मान न हलवणारी एकच आहे, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली.

ती सी. ए. आहे. विणकरांच्या आमच्या कुळात हा मान मिळवणारी पहिली. शेवटच्या परीक्षेत ती तीनदा नापास झाली आणि तिन्ही वेळा तिने ते सगळ्या गल्लीला सारख्याच आवाजात सांगितले. मी मात्र मराठीच्या एम. ए.ला एका पेपरात कमी गुण पडले, तेव्हा आठ दिवस तापाचे सोंग घेतले होते. तिची उमेदवारी नागपूरच्या लकडगंजातल्या एका जुन्या कचेरीत झाली. कामठीहून शेअर ऑटोत कोंबून घेऊन ती रोज यायची. पहिल्याच वर्षी तिला एका लाकडाच्या वखारीत माल मोजायला धाडले. शेठजींनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि ओंडक्यांचा आकडा सांगून म्हणाले, "लिहून घ्या बाई." बाई ओढणी कमरेला खोचून थेट थप्पीवर चढल्या. तासाभराने केसांत भुसा घेऊन खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "शेठजी, वरून थप्पी भरली दिसते, पण मधात तर पोकळ आहे, तिथं मांजर व्याली आहे." चहा आला तसाच परत गेला, असे ती आजही अभिमानाने सांगते.

पुढे तिने स्वतःची कचेरी थाटली. एका बड्या अशिलाने न दाखवलेल्या गोदामाच्या हिशेबावर सही मागितली, तेव्हा तिने "गोदाम दाखवा, मग सही" एवढी चिठ्ठी लावून फाइल परत केली. अशील गेले, त्यांच्या फीमधून कचेरीत यायचा कूलरही गेला, आणि नागपूरचा तो मे महिना तिने ओला टॉवेल डोक्यावर ठेवून काढला. त्या टॉवेलातही ती राणीसारखी दिसायची. मी पाहिले आहे.

तपासलेल्या नोंदीवर हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, हा तिच्या धंद्याचा रिवाज. ती पेन्सिल तिच्या अंबाड्यात खोचलेली असते आणि तिला घरचे-दारचे कळत नाही. भाजीच्या यादीवर खुणा, दुधाच्या कॅलेंडरवर खुणा. 'आपल्या येण्याने समारंभाची शोभा वाढेल' या लग्नपत्रिकेतल्या ओळीपुढे तिने प्रश्नचिन्ह काढलेले मला सापडले. "काहून गं?" मी विचारले. "मी जायच्या आधी शोभा किती होती, ते कोणं पाहिलं?" शेजारणीने मुलाच्या मेहनती स्वभावाचा दाखला मागितला, तर हिने लिहून दिले, 'सदर मुलास मी पतंग उडवताना अत्यंत मेहनत घेताना पाहिले आहे.'

हसू येते खरे. पण हसता हसता मला तिचा हेवाही वाटतो. मी आयुष्यभर कविता शिकवल्या, शब्दांची नाडी पाहायला शिकले, आणि माणसे विश्वास ठेवतात ते तिच्यावर. मोठे बाबा गेले, तेव्हाच्या शोकसभेत हे फार लागले. मी माझी कविता वाचली. मोठे बाबा मागावर बसून गात असत आणि त्यांच्या गाण्यावर लुगड्याची किनार फुलत असे, अशी ती कविता. लोकांनी आदराने ऐकली. मग ही उठली. "बाबा मले कधीच रागावले नाही, असं नाही," ती म्हणाली. "दोनदा रागावले. दोन्ही वेळा माझीच चूक होती." एवढे बोलून ती खाली बसली, आणि सारी सभा रडली. मीही रडले, त्यातली थोडी आसवे मत्सराची होती.

त्याच कवितेचे नाव माझ्या पहिल्या संग्रहाला द्यायचे ठरले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझे पुस्तक येणार होते आणि मोठ्या बाबांनाच अर्पण करायचे होते. छापण्याआधीची पाने मी तिला धाडली. ती परत आली तेव्हा 'गात असत' या शब्दांपुढे हिरवे प्रश्नचिन्ह होते.

मी फोन केला. "मी स्वतः ऐकलं आहे!"

"उन्हाळ्याच्या सुट्टीत ऐकलं तू. मी बारा महिने ऐकलं. गात नव्हते वं ते. किनारीचे धागे मोजून राहत."

"तुला सगळं मोजलेलंच ऐकू येतं."

"अन् तुले सगळं गायलेलं," ती शांतपणे म्हणाली. "छापायचं तर छाप. मले नको विचारू."

छापखान्याला पाने सोमवारी हवी होती. ती कविता खोटी निघाली, तर पुस्तकाचा कणाच मोडत होता. त्याहूनही मोठे भय वेगळे होते. मोठ्या बाबांचे सगळे काही तिच्या वाट्याला गेले होते. माझ्याकडे त्यांचे एक गाणे होते, आणि तेही ती मागत होती.

रविवारी सकाळी मी भांडायलाच कामठीला गेले. दर रविवारी ती वडिलांच्या मागावर बसते. हा तिचा एकमेव छंद. दारातच खळीचा वास आला. ती पाठमोरी बसली होती. धोटा डावीकडून उजवीकडे जात होता, उजवीकडून डावीकडे येत होता, आणि ती पुटपुटत होती. एक, दोन, तीन, चार. सातवर आवाज वर चढला, आठवर हलकेच खाली आला, आणि किनारीत एक रुईफूल पुरे झाले. पुन्हा एक, दोन. मी उंबऱ्यातच थांबले. हेच ते गाणे होते.

"तू गाते आहेस," मी म्हणाले.

ती दचकली. "मी कुठी गाऊन राहिली? मोजून राहिली."

माझी भांडणाची सारी तयारी गळून पडली. मी तिथेच, मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्याशी बसले आणि त्या पानावर 'गात असत' खोडून लिहिले: 'ते मोजत असत, आणि मोजण्याला चाल होती.' कागद तिच्यापुढे धरला. नेहमीच्या सवयीने तिने तो खालून वर वाचला, मग वरून खाली. हात अंबाड्याकडे गेला, पेन्सिल निघाली, पण ती कागदाला टेकेना.

"पाहिलं का तू हे?" तिने विचारले.

"आत्ता पाहिलं. तू पाहा."

तिने पेन्सिल मांडीवर ठेवली आणि धोटा फेकला. या वेळी ती हळू मोजत होती, स्वतःकडे कान देऊन. एक, दोन, तीन. सातवर आवाज वर चढला, अगदी मोठ्या बाबांचा चढायचा तसा, आणि तिचा पाय पावडीवर थांबला. माग गप्प झाला. अंगणात ताणलेले सूत वाऱ्याने थरथरत होते. माझ्याकडे न पाहता तिने त्या अर्ध्या फुलावरून बोट फिरवले. मग डोळे पदराला पुसून, पेन्सिलीला हातही न लावता, म्हणाली,

"बराबर."