दक्षिणेच्या खिडक्या

आईला दक्षिण चालत नाही, असं मीच सगळ्यांना सांगितलं. तिला विचारलं मात्र नव्हतं.

बाबा गेल्यावर आई कायमची आमच्याकडे जर्सी सिटीला येणार होती. नव्या बिल्डिंगमध्ये कॉरिडॉरच्या दोन बाजूंना, समोरासमोर, दोन फ्लॅट रिकामे होते. एकाच्या खिडक्या दक्षिणेला, दुसऱ्याच्या उत्तरेला. मी उत्तरेचा घेतला. बायको म्हणाली, "अरे, तिकडे ऊन बघ किती येतंय." मी वास्तुशास्त्र काढलं. माझा त्यावर विश्वास आहे की नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही.

जानेवारीत घर तापेचना. हीटिंगचं बिल भरमसाट आलं. समोरच्या फ्लॅटमध्ये नागपूरची एक मुलगी मैत्रिणींबरोबर राहायला आली होती, पीएचडी करणारी. लिफ्टमध्ये म्हणाली, "दिवसा आम्ही हीट लावतच नाही, काका. उन्हानेच भागतं." दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला निघताना मी थर्मोस्टॅट खाली करायला लागलो. आई दिवसभर घरात असते, हे माहीत असून.

एकदा लवकर परतलो, तर आई घरात नाही. समोरचं दार उघडं. आई त्या मुलीच्या खिडकीशी, उन्हात पाय पसरून, मेथी निवडत बसलेली.

"अगं, तू इथे? दक्षिणेला?"

"दार बघतात रे शहाण्या, खिडक्या नाही. हिचं दार उत्तरेला. दक्षिणेला उघडतं ते तुझं!"

मुलगी खळखळून हसली. मीही हसलो. कशाला हसलो, कोण जाणे.

घरी आल्यावर आईने हळूच विचारलं, "माझ्यामुळे बिल फार येतं का रे?"

'छे गं' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

हिवाळा संपायच्या आतच ती पुण्याला परत गेली. सगळे म्हणतात, थंडी मानवली नाही. मीही तेच म्हणत आलो.

आता ती मुलगी फ्लॅट सोडतेय. परवा आईला फोनवर सांगून टाकलं, "थंडीचा दोष नव्हता, आई. मी हीट कमी करून जायचो."

"माहीत होतं. दिसायचा की थर्मोस्टॅटवर आकडा."

"समोरचा फ्लॅट घेतला, तर येशील?"

ती म्हणाली, "आधी तू बस त्या उन्हात. मग बघू."

हे हो की नाही, मला कळलेलं नाही. बायकोलाही नाही. लीजवर सही मात्र करून आलोय.